दाबाची दिशा

वेल्समधल्या बेथेस्डा गावाजवळ पेन्रिनची खाण आहे. तिथला कारागीर जांभळट दगडाचा ठोकळा मांडीला टेकवतो, रुंद पात्याची छिन्नी कडेवर मधोमध लावतो आणि ठोकतो. ठोकळा दुभंगतो. मग अर्ध्याचा अर्धा, पुन्हा त्याचा अर्धा, असं करत शेवटी घरावर घालायची पातळ, सपाट स्लेट हातात येते.

हा दगड मूळचा समुद्रतळाचा चिखल, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला. साहजिकच वाटतं, तो थरांवरूनच सुटत असणार. पण तसं नाही. थरांची दिशा वेगळी आणि दगड फुटण्याची वेगळी, हे अ‍ॅडम सेजविकने १८३५ मध्ये ठामपणे मांडलं. स्लेटवर कधीकधी तिरका फिकट पट्टा दिसतो, तो जुना थर. छिन्नी त्याला जुमानत नाही.

मग ही दुसरी दिशा आली कुठून? शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने दगड इतका झिजवला की त्यातून उजेड आरपार जावा, आणि तो काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. अभ्रकाचे बारीक पापुद्रे एकाच दिशेला निजलेले! १८५३ मध्ये त्याने याचं कारण दिलं: दाब. डोंगर घडताना चिखल दोन्हीकडून आवळला गेला, पापुद्रे वळत वळत दाबाला काटकोनात आले. पुढे आणखीही उलगडलं. दाबाच्या बाजूने गारेचे कण विरघळतात आणि नवं अभ्रक पापुद्र्यांच्याच दिशेत वाढतं. भूविज्ञानात या फुटण्याला पाटन म्हणतात.

मला सर्वात मोह पडतो तो तिथल्या हिरवट ठिपक्यांचा. जांभळ्या गाळातलं लोह जिथे बदललं, तिथे ते उमटले. मुळात चेंडूसारखे गोल. आज चपटे, लांबुळके. त्यांची लांबी-रुंदी मोजली की दगड किती आवळला गेला याचा हिशेब लागतो. डोंगराच्या वेदनेचं इतकं नेमकं मोजमाप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आपला सह्याद्री लाव्हाचा. त्याला अशी पिळवणूक सोसावी लागली नाही, म्हणून बेसॉल्टची पाटी होत नाही. दगडी पाट्यांसाठी नाव होतं ते आंध्रातल्या मार्कापूरचं. तुमच्या माळ्यावर लाकडी चौकटीची अशी एखादी पाटी असेल, तर कृपा करून भंगारात देऊ नका.