गोठवलेला रविवार

घरात नवी वस्तू आली, की तिचा अभिमान बाळगण्याचे काम बहुधा पुरुषाच्या वाट्याला येते आणि ती वापरण्याचे बाईच्या. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे मोठे शीतकपाट आले, तेव्हाही कामाची वाटणी अशीच झाली. त्याचा फ्रीजर चांगला ऐसपैस आहे. घरी कुणी पाहुणा आला, की चहा होईपर्यंत मी त्याला तो उघडून दाखवीत असे. आत डब्यांच्या चळती; प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. ‘राजमा’, ‘छोले’, ‘कांदा-टोमॅटोचे वाटण’, ‘खवलेले खोबरे’, ‘पुरण’, आणि खाली तारीख. ग्रंथालयातली पुस्तकेही इतक्या शिस्तीने लावलेली मी पाहिली नाहीत. पाहुणा थक्क होई, आणि मी जणू त्या ग्रंथांचा लेखकच असल्यासारखा संकोचाने हसे.

लेखक मी नसलो, तरी योजना माझी होती हे खरे. माझी पत्नी सकाळी आठच्या लोकलने ठाण्याहून फोर्टातल्या कचेरीत जाते आणि दिवेलागणी उलटून गेल्यावर परत येते. माझेही वेळापत्रक जवळजवळ तेच. मुलगी दहावीत, मुलगा सदैव भुकेला, आणि आईचे गुडघे तिला ओट्यापाशी फार वेळ उभे राहू देत नाहीत. अशा घरात संध्याकाळी उंबऱ्यावरच ‘आज काय करायचे?’ हा प्रश्न आ वासून उभा असे. आठवड्याचा स्वयंपाक रविवारी एकदम करून गोठवून ठेवावा, हा त्यावरचा उपाय मी कुठेसा वाचला आणि घरात मांडला.

नुसता मांडला नाही. त्याचे शास्त्रही सांगितले. क्लॅरेन्स बर्ड्‌झाय नावाचे अमेरिकन गृहस्थ १९१२ मध्ये लॅब्रॅडॉरला गेले. तेथील कडाक्याच्या थंडीत इन्युइट लोकांनी पकडलेला मासा पाण्याबाहेर येताच गोठून जाई आणि पुढे कित्येक दिवसांनी शिजवला, तरी ताज्यासारखा लागे. रहस्य होते ते वेगात. पाणी सावकाश गोठले, तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पदार्थाच्या पेशी फाडून टाकतात. झटकन गोठले, तर ते बारीक राहतात. हे तत्त्व हेरून त्यांनी उद्योग उभारला आणि १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेले अन्न विक्रीला आले. घरच्या फ्रीजरला कारखान्याचा वेग साधत नाही. म्हणून डबे लहान आणि उथळ घ्यावेत. ते काठोकाठ भरू नयेत, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. अन्न परातीत पसरून लवकर निववावे, दोन तासांच्या आत आत ठेवावे आणि फ्रीजर शून्याखाली १८ अंशांवर असावा. डबा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवावा म्हणजे सावकाश सुटतो. काकडी, दही आणि रश्श्यातला बटाटा यांना मात्र या वाटेला लावू नये; काकडी मऊ पडते, दही फुटते आणि बटाटा रवाळ होतो. हे सारे मी खुर्चीत बसून सांगितले आणि पत्नीने उभ्या उभ्या ऐकले.

आईने या प्रकरणाला पहिल्या दिवशीच विरोध दर्शवला. “शिळं ते शिळंच. पेटीत घातलं म्हणून ते ताजं होतं का?” मी तिला समजावले, की इतक्या थंडीत जंतू वाढत नाहीत, झोपी जातात. त्यावर ती म्हणाली, “झोपलेले जागे होतातच ना?” मी हसलो, पण शास्त्राचेही म्हणणे नेमके तेच आहे. गोठवल्याने जंतू मरत नाहीत. केवळ त्यांची वाढ थांबते. बाहेर काढलेला डबा ओट्यावर तसाच राहू देऊ नये, तो उकळी येईपर्यंत गरम करून लगेच संपवावा, तो याचसाठी. आईपुरते ताजे वरण-भात रोज होतच राहिले. बाकीचे आम्ही डब्यांवर सुखाने जगू लागलो. संध्याकाळी अर्ध्या तासात ताट समोर येई. आपण घरात एक लहानशी क्रांती केली, असे मला वाटू लागले.

गेल्या पावसाळ्यात पत्नीला ताप आला. डॉक्टरांनी चार दिवस अंथरुणातून उठू नका म्हणून बजावले. पूर्वीच्या काळी अशा वेळी घराची काय त्रेधा उडाली असती! आमची मुळीच उडाली नाही. मी डबे उतरवीत होतो, मुलगी कुकर लावीत होती, पोळ्या कोपऱ्यावरच्या बाईंकडून येत होत्या. चौथ्या दिवशी माझ्या बहिणीचा चौकशीचा फोन आला. मी अभिमानाने म्हणालो, “काही अडचण नाही. सगळे सुरळीत चालले आहे.”

आतल्या खोलीतून क्षीण आवाज आला, “चालणारच. माझ्या तापातसुद्धा तुम्ही माझंच रांधलेलं जेवताय.”

त्यात राग नव्हता. असता तर मला उत्तर देता आले असते. मी फ्रीजरपाशी गेलो आणि प्रथमच त्या चिठ्ठ्या नीट वाचल्या. पदार्थांची नावे मला पाठ होती. तारखांकडे मी कधी पाहिले नव्हते. एकूण एक तारीख रविवारची होती. सकाळी सहाला कडधान्यांचा कुकर चढल्यापासून दुपारी तीनला शेवटची परात घासून होईपर्यंत ती ओट्यापाशी उभी असे. त्या वेळात मी वर्तमानपत्रांच्या पुरवण्या वाचीत असे. गडकरी रंगायतनमधल्या दुपारच्या नाटकांना मुलांना घेऊन मी गेलो होतो. ‘आज नको, आज माझा स्वयंपाक आहे,’ हे तिचे वाक्य इतके नित्याचे झाले होते, की ते मला ऐकूच येईनासे झाले होते. गोठल्याने पाण्याचे वजन घटत नाही, तसे कामाचेही घटले नव्हते. आम्हा सर्वांच्या सहा संध्याकाळी मोकळ्या झाल्या होत्या. त्यांची किंमत तिच्या एका रविवाराने चुकती होत होती.

दुसरा दिवस रविवारच होता. सहाला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकून मी उठलो. फ्रीजर रिकामा होत आला म्हणून ती भिंतीचा आधार घेत राजमा निवडायला बसली होती. मी काही बोलण्यापूर्वीच काठी टेकत आई आली आणि तिने ताट काढून घेतले.

“आज गॅस पेटवायचा नाही. आज शिळासप्तमी समज.”

“अहो आई, ती श्रावणातल्या शुद्ध सप्तमीला. ती कधीच होऊन गेली.”

“गेली तर गेली. त्या दिवशी आदल्या दिवसाचं खातात, ते चुलीला विश्रांती मिळावी म्हणून. चुलीला सुट्टी देणाऱ्यांनी बाईला द्यायला नको?”

शीतलादेवीच्या व्रताचा हा अर्थ कोणत्या पोथीत आहे मला ठाऊक नाही. पण दुपारी गॅस पेटावा लागलाच, कारण शेवटचा डबा गरम केल्याशिवाय खाऊ नये, हे शास्त्र मीच सांगितले होते. तेवढ्यापुरता तो मी पेटवला. आईने त्या डब्यातला राजमा पानात वाढून घेतला आणि अवाक्षर न काढता संपवला. दोन वर्षांत त्या फ्रीजरमधले तिने प्रथमच काही खाल्ले.

डबे आम्ही सोडले नाहीत. आता शनिवारी संध्याकाळी चौघेजण दोन तास ओट्याभोवती असतो आणि आई पाटावर बसून लसूण सोलते. डबे पूर्वीपेक्षा कमी भरतात. बुधवारी कधी नुसत्या खिचडीवर भागते. चिठ्ठ्यांवर आता निरनिराळी हस्ताक्षरे दिसतात.

परवा मी स्वतः केलेला रस्सा बाहेर काढला. वाढताना पाहतो, तर त्यात बटाटे. हौसेच्या भरात मीच ते घातले होते. पत्नीने एक फोड तोंडात घातली, क्षणभर विचार केला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाली,

“बर्फाचे स्फटिक जरा मोठे झालेले दिसताहेत.”