भाज्याच्या वाटेवर एकच सुरा

पावसाळा लागला की वस्तीतील मुलांना घेऊन आम्ही मळवली स्टेशनवर उतरतो. भाजे लेणी पाहायची, मग लोहगडवाडीत मुक्काम. सगळ्यांत मिळून सुरा एकच. पोरांना सिनेमातला फूटभर करवती सुरा हवा असतो. पण नऊ इंचांपुढचे पाते शस्त्र कायद्यात अडकू शकते आणि कांदा चिरायला, दोरी कापायला चार इंच पुरे. पाते मुठीच्या टोकापर्यंत अखंड हवे. घडीचा स्वस्त चाकू जोर लावताच बोटांवर मिटतो. मावळच्या पावसात साधे पोलाद रातोरात गंजते, म्हणून स्टेनलेस बरे. लेण्यांत मात्र सुरा आमच्याच पिशवीत राहतो. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या दगडावर कोणाचेही नाव उमटायला नको.