दर्या आणि दऱ्या : एका नियमाचे दोन पाठ

वाणगाव स्थानकातून पश्चिमेला चिंचणीची वाट धरली, की दर्या लागतो. पूर्वेला जव्हारच्या डोंगरांकडे वळले, की दऱ्या लागतात. लेखनात या दोन शब्दांतील भेद एका र-चा आहे. एकात रेफ अक्षराच्या माथ्यावर चढतो, दुसऱ्यात र आडवा होऊन डावीकडे टेकतो.

या परिसरातील लोकगीते संगणकावर उतरवणाऱ्या अभ्यासकाला हा भेद डोळ्यांनी दिसतो. यंत्राच्या पोटात मात्र आडव्या र-चे दोन पाठ नांदतात. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच. साध्या शोधात मात्र एक दुसऱ्याला ओळखेलच असे नाही. त्याहून घातक प्रकार पुढचा. ते अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून एखाद्या आज्ञावलीने गाळले, की दऱ्यांचा दर्या होतो आणि डोंगरातले गीत कोळीवाड्यात जाऊन पडते.

हे दोन पाठ आले कोठून? युनिकोडच्या आजच्या विवरणात पहिला नियम इस्की या भारतीय मानकाला अनुसरून दिला आहे. दुसरा, आवृत्ती २.० शी सुसंगती राखण्यासाठी. इस्कीचे मानक १९९१ चे, युनिकोडची ती आवृत्ती १९९६ ची. तेव्हा जुनी धारिका दुरुस्त करण्यापूर्वी ती कोणत्या नियमाच्या छायेत लिहिली गेली हे पाहणे आले, आणि त्यासाठी जुने विवरणच हाती हवे. युनिकोडने आपल्या आवृत्त्यांची सूची क्रमाने जपली आहे, हे उपकारच. खासगी अक्षरसंचांच्या माहितीपुस्तिकांना हे भाग्य क्वचितच लाभते. इंटरनेट अर्काइव्हच्या साठ्यात काही सापडतात. परंतु तेथील तारीख प्रत टिपल्याची असते, आवृत्तीची नव्हे. नकलेचा शक तो ग्रंथाचा शक नव्हे, हे पोथ्या हाताळणाऱ्यास नव्याने सांगावयास नको.

उतारा काढतानाही अशीच फसगत होते. जुन्या पीडीएफमधील देवनागरी उदाहरणे खासगी अक्षरसंचात असली, तर नक्कल करताच हाती रोमन अक्षरांचा कचरा येतो. मग पानाचे चित्र समोर ठेवून उदाहरण हाताने उतरवावे, आणि शंकास्पद अक्षरापुढे त्याचे संकेतांक व विवरणाची आवृत्ती नोंदवावी. काम संथ आहे, कंटाळवाणेही. तथापि गीतातल्या दऱ्या मुळात कोणत्या पाठाने लिहिल्या होत्या, हे पुढच्या संपादकाला त्या नोंदीवाचून कळणार नाही.