न विचारता सापडलेला आजार

नॉर्वेच्या मध्यभागी, ट्रोन्हाइमच्या उत्तरेला, दर दहाएक वर्षांनी अख्ख्या प्रदेशाची आरोग्य पाहणी होते. तिला सगळे ‘हुंट’ म्हणतात. पहिली १९८४ साली सुरू झाली. चौथी २०१७ ते २०१९ या काळात झाली, तेव्हा आम्ही वेरदालला राहत होतो. वीस वर्षांवरच्या प्रत्येक रहिवाशाला बोलावणं येतं. यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मी तिथल्या वृद्धाश्रमात मदतनीस आहे. आमच्याकडच्या कित्येक आज्यांनी याआधीच्या पाहण्यांतही रक्त दिलेलं, आणि ते आजही लेवांगरच्या रक्तपेढीत गोठवून ठेवलेलं आहे, असं त्या अभिमानानं सांगायच्या. परक्या गावात आपलंही नाव अशा कामात लागतंय याचा मला मनापासून आनंद झाला. वजन, उंची, रक्तदाब, रक्ताच्या काही नळ्या आणि एक लांबलचक प्रश्नावली. पोटाच्या तक्रारींपुढे मी ‘नाही’वर खूण केली.

ते उत्तर खरंच होतं. मला पोटदुखी नव्हती, जुलाब नव्हते, वजन उतरत नव्हतं. त्यामुळे पुढे जे पत्र आलं ते मी दोनदा वाचलं. माझ्या रक्तात सिलिअ‍ॅक आजाराच्या अँटीबॉडी सापडल्या होत्या, आणि खात्री करण्यासाठी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी असं त्यात सुचवलं होतं.

आपल्याकडे याला पटकन ‘गव्हाची अ‍ॅलर्जी’ म्हणून टाकतात. ते बरोबर नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ज्याच्या अंगात हा आजार आहे त्याची प्रतिकारशक्ती ग्लूटेन पोटात गेलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते, तिच्यातूनच अन्नरस शोषला जातो. ती लव झडत जाते, सपाट होते. मग लोह, कॅल्शियम, फॉलिक आम्ल अंगी लागत नाही. पोट मात्र कित्येकदा काहीच बोलत नाही.

तपासणीआधी डॉक्टरीणबाईंनी माझ्याशी जे बोलणं केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. पोटाबद्दल त्यांनी जवळजवळ विचारलंच नाही. दमायला होतं का? कधीपासून? तोंड येतं का? हिमोग्लोबिन किती असतं? हाड कधी मोडलं होतं का? आणि मी उत्तरं देऊ लागले तसं माझं सगळं आयुष्य मला वेगळं दिसायला लागलं. राजापूरजवळच्या आमच्या गावात ‘बायकांचं रक्त कमीच असतं’ हे इतकं ठरलेलं होतं की त्याला कुणी आजार म्हणत नसे. बाळंतपणात लोहाच्या गोळ्या दिल्या, हिमोग्लोबिन जरासं वर आलं, पुन्हा उतरलं. इथे आल्यावर थकवा वाढला तो मी नॉर्वेच्या अंधाऱ्या हिवाळ्याच्या खाती मांडला. लहानपणी घरी दोन वेळा भात, सकाळी घावन नाहीतर तांदळाची भाकरी; चपाती सणावाराला किंवा पाहुणे आले तर. इथे सकाळी पाव, दुपारच्या डब्यात पाव, रात्रीही पावाचेच काप आणि वर चीज. इथल्यांसारखं जेवायला मी हौसेनं शिकले होते.

म्हणूनच ‘लक्षणं नसलेल्या माणसाची तपासणी’ हे शब्द वाचले की मी थांबते. लक्षणं नाहीत हे सांगणारा कोण असतो? ज्याला बरं वाटणं म्हणजे काय ते कधी अनुभवायलाच मिळालेलं नाही, तो ‘मला काही त्रास नाही’ हेच सांगणार.

दुर्बिणीची तपासणी लेवांगरच्या रुग्णालयात झाली. घशातून नळी जाताना उमासे येतात, पण ते लवकर आटोपतं. जठराच्या पुढच्या आतड्यातून चिमट्यानं छोटे तुकडे घेतात, एक-दोन नव्हे तर चार-पाच, कारण लव कुठे झडलेली असते, कुठे शाबूत असते. माझ्या तुकड्यांत ती सपाट झालेली दिसली. हाडांची घनताही वयाच्या मानानं कमी निघाली.

हुंटच्या या फेरीत ५४ हजारांहून अधिक प्रौढांच्या रक्तात या अँटीबॉडी शोधल्या गेल्या, आणि सुमारे दीड टक्का लोकांना हा आजार असल्याचं दिसलं. त्यांत निदान आधीच झालेल्यांपेक्षा काहीच माहीत नसलेले जास्त होते. माझ्यासोबत काम करणारी, डोंगर चढणारी, धडधाकट दिसणारी एक बाई त्यांतलीच निघाली. तिनं मात्र पथ्य सुरू करून वर्ष झाल्यावरही मला सांगितलं, की तिला काहीच फरक वाटत नाही. वाटला तो एवढाच, की कुणाच्या घरी जेवायला जाणं अवघड झालं.

तिचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या कृती दलानं २०१७ साली हेच म्हटलं होतं: तक्रार नसलेल्यांची सरसकट तपासणी करावी की करू नये हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. इटलीनं २०२३ मध्ये कायदा करून एक ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी देशव्यापी तपासणीची वाट धरली. प्रौढांसाठी तसं पाऊल तिथेही नाही. माझं मत असं, की प्रौढांच्या रक्ताची तपासणी जरूर करावी, पण त्या नळीमागे पुढचं सगळं उभं असेल तर. मला पत्रासोबत दुर्बिणीची तारीख मिळाली, आहारतज्ज्ञ मिळाली, निदान पक्कं झाल्यावर महागड्या पिठा-पावांसाठी सरकारी भत्ता मिळाला. नुसता ‘पॉझिटिव्ह’ असा कागद हातात देऊन माणसाला घरी पाठवणं याला मी तपासणी म्हणणार नाही. रक्त खोटंही बोलतं. ज्यांच्या अंगात आयजीए ही अँटीबॉडी मुळातच तयार होत नाही, त्यांचा अहवाल आजार असूनही स्वच्छ येऊ शकतो. म्हणून एकूण आयजीएही मोजावं लागतं.

पथ्य म्हणाल तर माझ्या जिभेला ते माहेरचंच निघालं. तांदूळ, नाचणी, ज्वारी, वरी, कुळीथ यांत ग्लूटेन नाही. त्रास झाला तो लपलेल्या गव्हाचा. बाजारच्या बांधणीच्या हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, हे मला इथल्या आहारतज्ज्ञ बाईला समजावून सांगावं लागलं. तिच्या यादीत हिंग नव्हताच. गावाहून येणारं नाचणीचं पीठ मी बंद केलं, कारण गिरणीत आमच्याआधी कुणाचे गहू दळले गेले ते कोण सांगणार? आता आई नाचणी निवडून, अख्खी पाठवते आणि मी घरी दळते. हळूहळू हिमोग्लोबिन वर आलं आणि गोळ्यांशिवाय वरच राहिलं. कामावरून आल्यावर अंधारातही फिरायला जावंसं वाटू लागलं.

या आजाराच्या माणसाच्या आईवडील, भावंडं, मुलं यांना तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, पाच ते दहा टक्के तरी. म्हणून मी घरी फोन केला. आई म्हणाली, “अगो, चपातीनं कोण आजारी पडतं? पंजाबात काय सगळे झोपून आहेत?” तिच्या प्रश्नात तथ्य होतं. भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तरेकडे साधारण सव्वा टक्का लोकांच्या रक्तात या अँटीबॉडी सापडल्या, दक्षिणेत त्याच्या दशांशाहूनही कमी. उत्तरेत गव्हाचं खाणं कितीतरी पट जास्त. आपल्याकडे मुंबई-पुण्यात भाकरीची जागा चपाती-पाव-बिस्किटांनी घेतली त्याला आता दोन पिढ्या झाल्या. रक्त कमी म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्या, तरीही हिमोग्लोबिन न वाढणाऱ्या बाईची ही एक तपासणी तिथल्या डॉक्टरांनी करायलाच हवी, असं मला कळकळीनं वाटतं. अख्ख्या गावाचं रक्त तपासणं दूर राहो, निदान तिचं तरी.

आईचा अहवाल स्वच्छ आला. पुण्यातल्या दादाचा नाही. त्याच रात्री त्याचा फोन आला, आवाजात घाई: “उद्यापासून गहू बंद करतो, वहिनीला सांगितलंय.”

“अजिबात नको,” मी म्हटलं. “दुर्बीण होईपर्यंत रोज चपाती खा. आधीच सोडलीस तर लव भरून येऊ लागते, तुकड्यात काही दिसत नाही, आणि मग आजार आहे की नाही हे कुणालाच धड सांगता येत नाही.”

“म्हणजे विष आहे ते कळूनही खायचं?”

“तारीख लवकरची घे,” मी म्हटलं, “आणि तोवर खा.”