‘पैसे दिले असतील’

‘पेपरात आलंय’ एवढं म्हटलं की आमच्या वाचनालयात वाद मिटायचा. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. मुक्तद्वार वाचनकक्षात तिरक्या लाकडी मेजांवर दैनिकं लावलेली असत. निवृत्त शिक्षक, बाजाराला आलेले शेतकरी, एसटीला वेळ असलेले प्रवासी, स्पर्धा परीक्षेची मुलं असे सगळे तिथे येत. घरी एकच पेपर येतो, इथे पाच-सहा शेजारी शेजारी असतात. त्यामुळे एखादी बातमी एका पेपरात ठळक आणि दुसऱ्यात गायब असली, तर ते लगेच लक्षात येई. लोक त्यावरून भांडत, पण बातमी छापली म्हणजे कुणीतरी चौकशी केली असणार, हे दोन्ही बाजूंना मान्य असे.

२००९ साली १३ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं. त्याआधीच्या एका सकाळी रोज येणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला मेजाजवळ बोलावलं. त्यांनी दोन दैनिकं शेजारी ठेवली होती. एका उमेदवाराच्या कामाची स्तुती दोन्हीकडे छापली होती. शब्द न् शब्द तोच, चुकलेल्या वेलांटीसकट. ‘जाहिरात’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. दोन्हीकडे वर ‘प्रतिनिधी’ होतं. गुरुजी म्हणाले, ‘‘दोन पोरांच्या निबंधात एकच चूक सापडली, तर मी काय समजायचो?’’ मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते असे जोड शोधू लागले आणि त्यांना ते सापडत गेले.

हे आमच्याच जिल्ह्यात चाललंय असं मला वाटलं होतं. निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांचे लेख ‘द हिंदू’त आले. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत कसा आला, हे त्यांनी दाखवलं. ते प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं. चव्हाण यांनी निवडणूक खर्चाचा हिशेब नीट दिला नाही, असं आयोगाने जुलै २०१४ मध्ये ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्याआधी, ऑक्टोबर २०११ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना अशा छापील मजकुराचा खर्च न दाखवल्याबद्दल आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं होतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते प्रेस कौन्सिलचं वागणं. परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर ७१ पानांचा अहवाल दिला. जुलै २०१० मध्ये कौन्सिलने स्वतःचा आटोपशीर अहवाल मंजूर केला; वृत्तपत्रांची नावं असलेला मूळ अहवाल बाजूला राहिला. पुढच्या वर्षी केंद्रीय माहिती आयोगाने सांगितलं, तेव्हा तो लोकांसमोर आला. गावातल्या ग्रामपंचायतीचा कारभार उघडा पाडणाऱ्या वृत्तपत्रांच्या स्वतःच्या व्यवहाराची कागदपत्रं माहितीच्या अधिकाराखाली मागावी लागली, हे वाचताना मला फार वाईट वाटलं.

पण दोष फक्त वरच्यांचा नाही आणि बातमीदाराला शिव्या देऊन भागणारही नाही. वाचनालयात एक तरुण तालुका प्रतिनिधी बातम्या लिहायला बसे. त्याला पगार नव्हता. नाममात्र मानधन आणि जाहिरातींवरचं कमिशन, एवढीच त्याची कमाई. वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी त्याला टार्गेट असे. ज्या पुढाऱ्याच्या कामाबद्दल लिहायचं, त्याच्याच वाढदिवसाच्या जाहिरातीसाठी त्याच्या दारात थांबावं लागे. निवडणूक आली की उमेदवारांना विकायच्या पॅकेजची मुख्य कार्यालयातून विचारणा होई. ‘‘बातमी आणली नाही तरी चालतं, जाहिरात आणली नाही तर फोन येतो,’’ असं तो मला एकदा म्हणाला होता.

तरी हाच मुलगा एका उन्हाळ्यात टँकरच्या मागे लागला. माहितीच्या अधिकारात त्याने खेपांच्या नोंदवहीच्या प्रती मिळवल्या आणि मग वाड्या-वस्त्यांवर फिरून बायकांना विचारलं. कागदावर रोज टँकर येत होता. घागरी रिकाम्याच होत्या. बातमी छापून आली. वाचनकक्षात माणसांनी ती वाचली आणि पहिला प्रश्न आला, ‘‘कुणी लिहायला लावलं?’’ दुसरा म्हणाला, ‘‘विरोधी गटाने पैसे दिले असतील.’’ नोंदवहीबद्दल कुणी विचारलंच नाही. बाजाराच्या दिवशी त्या वस्तीवरची एक बाई अंक मागायला आली. ती म्हणाली, ‘‘दादा, आमचं खरं छापलंय, तरी लोक खोटं म्हणतात.’’

विकलेल्या पानाने काय केलं, हे मला त्या दिवशी नीट कळलं. २००९ मध्ये ज्यांनी पैसे मोजले, त्यांना काही रकाने मिळाले. त्याची किंमत मात्र या मुलाने आणि त्या बाईने चुकवली. तिच्याकडे पैसा नव्हता, ओळख नव्हती. बातमीवरचा लोकांचा विश्वास, एवढं एकच बळ तिला मिळू शकलं असतं आणि नेमकं तेच संपलं होतं. बातमीबद्दल संशय पेरला गेल्याने सगळ्यात जास्त फायदा झाला तो खोट्या खेपा लिहिणाऱ्यांचा.

लोक आता मोबाइलवर आलेलं वाचतात आणि म्हणतात, पेपरवाल्यांपेक्षा हेच बरं. मी त्यांना सांगतो, पेपरावर संपादकाचं नाव छापलेलं असतं. त्याला पत्र लिहिता येतं, खुलासा मागता येतो. फॉरवर्डच्या मागे कोण आहे, हे तुम्हाला कोण सांगणार? म्हणून पेपर टाकून देऊ नका. त्याला जाब विचारा. पैसे घेतले असतील, तर वर ठळक अक्षरांत ‘जाहिरात’ छापायला लावा. आणि मालकांना माझं सांगणं आहे, तालुक्याच्या बातमीदाराला जगता येईल असा पगार द्या, जाहिरात गोळा करायला दुसरा माणूस नेमा. नोंदवही तपासायला गेलेल्या माणसाला जाहिरातीची पावती फाडायला लावाल, तोवर वाचक तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नसेल.