‘परतेन’ आणि ‘परतला असता’

स्पॅनिश भाषेविषयी सामान्य वाचकाला रुचेल असे काही लिहून द्यावे, अशी संपादकांची सूचना आली तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. कारण गेल्या चैत्रात तपासनीस म्हणून ज्या एका तर्जुम्यावर मी सही केली, त्यातील एका क्रियापदाने अद्याप माझी पाठ सोडलेली नाही.

रत्नागिरीकडचा एक तरुण खलाशी चिली देशातील वाल्पाराइसो बंदरात आजारी पडून जहाजावरून उतरला होता, आणि ज्या बाईंच्या घरी तो भाड्याने राहिला त्यांनी त्याच्या वडिलांना स्पॅनिशमध्ये चार ओळींचे पत्र धाडले होते. पत्राचा तर्जुमा माझ्या एका हुशार विद्यार्थ्याने केला. मी तो घाईने वाचला, मजकूर मुळाबरहुकूम असल्याचा शेरा मारला, आणि तिसऱ्या दिवशी ते वृद्ध गृहस्थ रात्रीच्या एस.टी.ने पुण्यास येऊन माझ्या दारात उभे राहिले. कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “मास्तर, ‘मे महिन्यात तो घरी परतला असता’ असं लिवलंय. परतला असता, तर मग परतणार का नाय? माझ्या पोराचं झालं काय?”

मूळ शब्द होता ‘बोल्बेरीआ’. बाईंनी लिहिले होते ते इतकेच की, मे महिन्यात घरी परतेन असे तो मला म्हणाला.

आता हा काळ चालविणे हे स्पॅनिश व्याकरणातील बहुधा सर्वांत सोपे काम आहे, आणि रूप सोपे म्हणूनच अर्थाची उपेक्षा होते, असे माझे मत इतक्या वर्षांच्या अध्यापनाने बनले आहे. स्पॅनिश धातूंचे तीन गण आहेत: ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, ‘कोमेर’ म्हणजे खाणे, ‘बिबिर’ म्हणजे जगणे. वर्तमानकाळात धातूच्या शेवटचे ‘आर’, ‘एर’ किंवा ‘इर’ काढून प्रत्येक गणाला त्याचे त्याचे प्रत्यय लावावे लागतात. येथे मात्र धातू जसाच्या तसा ठेवून तिन्ही गणांना एकच माळ जोडावयाची: मी ‘ईआ’, तू ‘ईआस’, तो ‘ईआ’, आम्ही ‘ईआमोस’, तुम्ही ‘ईआइस’, ते ‘ईआन’. आब्लारीआ, कोमेरीआ, बिबिरीआ. साही रूपांत आघात ‘ई’वर पडतो आणि लिहिताना त्यावर चिन्ह द्यावेच लागते. मी आणि तो यांचे रूप एकच असल्यामुळे कर्ता कोण हे संदर्भावरून ठरवावे लागते. अनियमित म्हणावेत असे मूळ धातू अवघे बारा, आणि त्यांतही प्रत्यय बदलत नाहीत, केवळ अंग बदलते: ‘तेनेर’चे ‘तेन्द्रीआ’, ‘देसिर’चे ‘दिरीआ’. सावधगिरी बाळगावयाची ती एवढीच की, ‘कोमीआ’ म्हणजे ‘खात असे’ आणि ‘कोमेरीआ’ यांच्यात फक्त एका ‘एर’चे अंतर आहे, आणि भरभर बोलताना विद्यार्थी ते गिळून टाकतो.

हा प्रत्यय आला कोठून, हे पाहिले म्हणजे अर्थाची किल्ली हाती येते. लॅटिनच्या उत्तरकाळात ‘कान्तारे हाबेबाम’ अशी जोडरचना रूढ झाली. तिचा शब्दशः भाव ‘मला गावयाचे होते’ असा. त्यातील ‘हाबेबाम’ झिजत झिजत ‘ईआ’ उरले आणि धातूला चिकटले. हा सांधा मुळात किती सैल होता, याची साक्ष गोव्यातील जुनी पोर्तुगीज शिकलेली मंडळी आजही देऊ शकतील, कारण पोर्तुगीजच्या ग्रांथिक लेखनात ‘तुला देईन’ अशा अर्थाचे याच काळातील रूप ‘दार-ते-ईआ’ असे धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये ‘तुला’ बसवून लिहिले जाते. म्हणजे ‘ईआ’ हे पूर्वी स्वतंत्र, आणि तेही भूतकाळी, क्रियापद होते. भूतकाळात उभे राहून पुढे पाहणारी ही दृष्टी आहे. तीत अट कोठेच नाही.

आणि तरीही पाठ्यपुस्तके या काळाला ‘कोन्दिसिओनाल’, अर्थात संकेतार्थी, म्हणतात! या नामकरणाविषयी मी वर्गात तासन्‌तास बोलतो अशी माझ्याविरुद्ध तक्रार आहे, ती मला मान्य आहे, आणि येथेही मी थांबणार नाही. आन्द्रेस बेल्यो हे काराकासला जन्मलेले, बोलिव्हारला काही काळ शिकविलेले आणि पुढे चिलीच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले विद्वान. त्यांनी 1847 साली सान्तियागोत, अमेरिका खंडातील स्पॅनिशभाषकांसाठी म्हणून, जे व्याकरण प्रसिद्ध केले त्यात या काळाला ‘पोस्प्रेतेरितो’ असे नाव दिले: भूतानंतरचा. माद्रिदच्या अकादमीने मात्र 1931 च्या व्याकरणात त्याला काळांच्या पंक्तीबाहेर ठेवून ‘शक्यतार्थ’ असा स्वतंत्र अर्थच मानला, 1973 च्या मसुद्यात त्याला स्वार्थात परत घेतले, पण नाव ‘संकेतार्थी’ हेच दिले, आणि 2009 च्या नव्या व्याकरणातही तेच कायम राहिले. जागा बेल्योंची मान्य आणि नाव मात्र अमान्य, हा न्याय मला आजतागायत पटलेला नाही. ‘सेरीआन लास ओचो’ या वाक्यात ‘आठ वाजले असावेत’ असा गतकाळाविषयीचा अंदाज आहे. त्यात कोणती अट दाखविता येईल? वाल्पाराइसोच्या त्या बाई ज्या देशातल्या, त्याच देशात या रूपाचे खरे नाव पावणेदोनशे वर्षांपूर्वी छापले गेले होते, हे आठवले की माझी हळहळ अधिकच वाढते.

माझ्या विद्यार्थ्याचा दोष मी कमीच मानतो. आपल्याकडे स्पॅनिश शिकविली जाते ती इंग्रजीच्या मध्यस्थीने. ‘पैसा असता तर मी प्रवास केला असता’ या धर्तीचे उदाहरण पहिल्याच धड्यात येते, तेथे ‘वुड’ बरोबर, ‘ईआ’ बरोबर आणि ‘असता’ही बरोबर, मग तिन्ही एकच, अशी खूणगाठ विद्यार्थी बांधतो. परंतु तेच ‘वुड’ इंग्रजीत ‘लहानपणी आम्ही नदीवर जात असू’ या अर्थानेही येते, आणि तेथे स्पॅनिशमध्ये ‘ईबामोस’ हवे, ‘इरीआमोस’ कदापि चालणार नाही. आपल्या ‘जात असू’पासून ‘ईबामोस’कडे जाणारी वाट सरळ आहे, आम्ही विद्यार्थ्याला लंडनवरून फिरवून नेतो.

मराठी माणसाला तर हा काळ परका वाटण्याचे कारणच नाही. संस्कृतातील ‘अभविष्यत्’ पाहा: मध्ये भविष्याचे अंग, आरंभी भूतकाळाचा ‘अ’, शेवटी भूतकाळाचाच प्रत्यय. घडण हुबेहूब ‘बोल्बेरीआ’ची! ज्या दिवशी मला हे प्रथम उमगले, त्या दिवशी पाणिनीचा लृङ् आणि कास्तीलची बोली एका पानावर मांडून मी कितीतरी वेळ पाहत बसलो होतो. पण घडण एक असली तरी अर्थाची व्याप्ती एक नाही, आणि नेमके येथेच माझे लक्ष चुकले. लृङ् हा क्रियातिपत्तीचा, म्हणजे क्रिया सिद्धीस न गेल्याचा सूचक. आपले ‘परतला असता’ही तसेच, ते दार लावून घेते. ‘बोल्बेरीआ’ त्या वाक्यात दार लावीत नाही आणि उघडीतही नाही. तो म्हणाला तेव्हा परतणे पुढे होते, नंतर काय घडले याविषयी ते मौन पाळते. मराठीत असा काळ वेगळा नाही, कारण आपल्याला त्याची गरज पडत नाही: आपण बोलणाऱ्याचा शब्दच उचलतो आणि ‘येईन म्हणाला’ असे सांगतो.

हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले नाही. त्यांना बसविले, पाणी दिले, जुन्या तर्जुम्यावरील माझी सही खोडली आणि ते वाक्य त्यांच्यासमोर नव्याने लिहिले. त्यांनी ते दोनदा वाचले.

“म्हणजे येल ना वो तो?”

“काका, तो ‘परतेन’ म्हणाला, एवढंच यात आहे. येईल की नाही, हे हा शब्द सांगत नाही.”

ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “येवढंच येगळ्या कागदावर लिवून द्या. घरी तिला वाचून दाखवायचंय.” मी कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिले: मे महिन्यात घरी परतेन, असे तो म्हणाला.