जागा ओपन निघाली

2017 साली सरपंच थेट गावातून निवडायचं ठरलं आणि आमची जागा निघाली सर्वसाधारण महिला. ह्यांची गावकी जुनी, म्हणून फॉर्म माझ्या नावाचा. बॅनरवर फोटो दोघांचे, ह्यांचा जरा मोठाच. निवडून आले तेव्हा पहिला हारही ह्यांच्याच गळ्यात पडला.

सुरुवातीला मासिक सभेत ह्यांची खुर्ची माझ्या शेजारी असायची. प्रोसिडिंग पुढे सरकायचं, बोट ठेवलं तिथे सही करायची. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा आला आणि चित्र पालटलं. त्याचं पेमेंट ऑनलाइन; सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांचीही डिजिटल सही लागायची. माझ्या सहीचं डोंगल मात्र ह्यांच्या खिशात.

गटाराचं बिल आलं. म्हटलं, आधी गटार बघून येते. सगळे हसले. ग्रामसेवकाला घेऊन गेले, टेप लावली. कागदावर गटार खालच्या वस्तीपर्यंत पोचलेलं, प्रत्यक्षात पिठाच्या गिरणीपाशी संपलेलं. पुढचं सांडपाणी लोकांच्या उंबऱ्यावरून वाहत होतं. घरी आले नि म्हटलं, "अहो, डोंगल द्या." ते माझ्या पर्समध्ये आलं ते मुदत संपेपर्यंत. राहिलेलं काम झाल्याशिवाय बिल निघालं नाही. ठेकेदार ह्यांना भेटायला आला, तर ह्यांनी हात वर केले!

2022 ला जागा ओपन निघाली. "आता ओपन आहे, बाई कशाला?" हे पारावरचे म्हणाले असते तर नवल नव्हतं, बचत गटातल्या बायाही तेच म्हणाल्या. ओपन म्हणजे पुरुषांना राखीव, असं कुठल्याच कायद्यात नाही. 2011 पासून राज्यात स्थानिक संस्थांच्या निम्म्या जागा बायकांना आहेत. ती किमान मर्यादा, पण गावोगाव तिलाच कमाल मानतात. आरक्षण नसलं की काय होतं ते विधानसभेत दिसतंच: 2019 ला 288 आमदारांत बायका 24. 2023 च्या घटनादुरुस्तीने तिथे एक तृतीयांश जागा मिळायच्या आहेत, पण जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर. त्याही फिरत्याच. एका खेपेची बाई दुसऱ्या खेपेला कोण उभी करणार?

पॅनेलने मला विचारलं नाहीच, ह्यांनाही डावललं. कारण काय, तर बायकोवर वचक नाही. मग मी अपक्ष फॉर्म भरला. टेबलामागचा कारकून म्हणाला, "ताई, ही जागा महिला राखीव नाही." म्हटलं, "माहीत आहे, पावती द्या."

पडले. पण खालच्या वस्तीच्या वॉर्डात सगळ्यांत जास्त मतं मला होती. पुढची सोडत कशीही निघो, घरोघर फिरायला तिथूनच सुरुवात केली आहे.